यूकेचा स्किल्ड वर्कर व्हिसा: खर्च कोणाच्या खिशातून आणि कागद कोणत्या क्रमाने

मागच्या दिवाळीत सांगलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, यूकेचं ऑफर लेटर आलंय! फक्त सीओएससाठी, म्हणजे कंपनीच्या स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटसाठी, चौदा लाख भरायचेत. एजंट म्हणतो दोन हप्त्यांत दिले तरी चालतील."

मी म्हटलं, "एक रुपयाही देऊ नकोस. आधी ते पत्र पाठव."

पत्र दिसायला झकास होतं. लोगो, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. पगार मात्र वर्षाला २६ हजार पौंड. तिथेच मी फोन ठेवला आणि चहा टाकला, कारण २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार ४१,७०० पौंड आहे. एजंट ज्या नोकरीचे चौदा लाख मागत होता, तिच्यावर व्हिसा निघालाच नसता.

त्या फोननंतर गावाकडून आणखी चार-पाच जणांचे फोन आले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "एकूण खर्च किती?" माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: कुठला खर्च कोणी करायचा? तो सुटला की निम्मी फसवणूक आणि निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

सुरुवात कंपनीपासून

हा व्हिसा तुम्ही स्वतःच्या बळावर मागू शकत नाही. ब्रिटिश सरकारने स्पॉन्सर लायसन्स दिलेली कंपनी तुम्हाला बोलावते, मग तुम्ही अर्ज करता. अशा कंपन्यांची यादी गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवर कोणालाही फुकट पाहता येते. 'रजिस्टर ऑफ लायसन्स्ड स्पॉन्सर्स' शोधा, फाइल उतरवून घ्या, एक्सेलमध्ये उघडा. कंपनीचं नाव, गाव, रेटिंग आणि रूट (म्हणजे व्हिसाचा प्रकार) असे रकाने दिसतील. रूटच्या रकान्यात 'स्किल्ड वर्कर' हवं आणि रेटिंग 'ए' हवं.

यादीत नाव सापडलं म्हणून ऑफर खरी ठरत नाही, कारण ठग नाव खऱ्या कंपनीचंच वापरतात. ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का, मुलाखत कोणी घेतली, तुमच्या कामाबद्दल खोलात प्रश्न विचारले का, हे पाहा. दहा मिनिटांच्या व्हॉट्सॅप कॉलवर कोणी परदेशातली नोकरी देत नाही.

कंपनी खरी निघाली की कामाचा कोड विचारा. प्रत्येक कामाला चार आकडी व्यवसाय कोड असतो (सॉफ्टवेअर डेव्हलपरचा २१३४) आणि त्या कोडचा ठरलेला दर असतो. तुमचा पगार ४१,७०० पौंड किंवा त्या कोडचा दर, यातल्या मोठ्या आकड्याइतका तरी हवा. सॉफ्टवेअरचा दर सर्वसाधारण मर्यादेच्या बराच वर आहे, तेव्हा नुसते ४१,७०० पाहून हुरळू नका. मोजला जातो तो हमीचा मूळ पगार. घरभाडं, जेवण, बोनस यांची भर घालून फुगवलेला आकडा चालत नाही. वय २६ च्या आत असेल किंवा नुकतंच यूकेत शिक्षण संपलं असेल तर सवलत आहे. अशांना ३३,४०० पौंड आणि कोडच्या दराच्या ७० टक्के, यातला मोठा आकडा लागू होतो.

कामाची पातळीही २२ जुलै २०२५ लाच वर गेली. आता साधारणपणे पदवीच्या पातळीचं काम लागतं. वृद्धांची काळजी घेणाऱ्या केअर वर्करची परदेशातून नवीन भरती त्याच दिवशी बंद झाली. तरीही केअर होमच्या नावाने पैसे उकळणारे आपल्याकडे अजून फिरताहेत. कोणी 'केअरचं लावून देतो' म्हणालं तर दारातूनच रामराम करा.

हिंजवडी-खराडीच्या आयटीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. आपलीच कंपनी 'यूके ऑनसाइट'ला पाठवत असेल तर बहुधा तो व्हिसा स्किल्ड वर्करचा नसतो. तो ग्लोबल बिझनेस मोबिलिटीचा असतो. त्यात इंग्रजीची परीक्षा नाही हे खरं, पण किमान पगार ५२,५०० पौंड आहे आणि त्यावर काढलेली वर्षं कायम वास्तव्यासाठी धरत नाहीत. कोणत्या व्हिसावर पाठवताय, हा प्रश्न एचआरला आधीच विचारा.

तीन खिसे

पहिला खिसा कंपनीचा. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे सीओएस, देताना कंपनी ५२५ पौंड भरते. शिवाय इमिग्रेशन स्किल्स चार्ज असतो. १६ डिसेंबर २०२५ पासून मोठ्या कंपनीला तो वर्षाला १,३२० पौंड पडतो आणि छोट्या कंपनीला किंवा धर्मादाय संस्थेला ४८०. पाच वर्षांसाठी बोलावलं तर मोठ्या कंपनीचे ६,६०० पौंड तिथेच गेले. स्किल्स चार्ज तुमच्याकडून वसूल करायला कंपनीला मनाई आहे. ३१ डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या सीओएसची फीसुद्धा तुमच्या माथी मारता येत नाही. म्हणजे 'सीओएसचे पैसे द्या' हे वाक्यच चोराचं आहे, मग रक्कम चौदा लाख असो की चौदा हजार.

दुसरा खिसा तुमचा. यात दोन मोठ्या रकमा आहेत. ९ एप्रिल २०२५ ला लागू झालेल्या तक्त्याप्रमाणे, भारतातून अर्ज केल्यास व्हिसाची फी तीन वर्षांपर्यंत माणशी ७६९ पौंड आणि तीन वर्षांपुढे १,५१९. सीओएस तीन वर्षं एक दिवसाचं असलं तरी वरचा दर बसतो. म्हणून कंपनी तारखा टाकते तेव्हा त्या पाहून घ्या. फी लहान मुलालाही मोठ्याइतकीच.

दुसरी रक्कम जास्त बोचते. इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यांचं आगाऊ शुल्क. मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड आणि १८ वर्षांखालच्यांना ७७६. जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचे सगळे पैसे अर्ज करतानाच द्यायचे. हप्ते नाहीत.

आता चौकोनी कुटुंबाचा हिशेब मांडू. नवरा, बायको, दोन मुलं. तीन वर्षांसाठी फी ३,०७६, सरचार्ज मोठ्यांचा ६,२१० आणि मुलांचा ४,६५६. बेरीज १३,९४२ पौंड. पाच वर्षांसाठी फी ६,०७६, सरचार्ज १०,३५० आणि ७,७६०. बेरीज २४,१८६ पौंड. कार्डाचा वटाव धरून पौंड १२० रुपयांना पडतो असं समजलं, तर तीन वर्षांचे पावणेसतरा लाख आणि पाच वर्षांचे एकोणतीस लाख. एकट्या माणसाचे तीन वर्षांचे ३,८७४ पौंड, म्हणजे साधारण साडेचार-पावणेपाच लाख. विमानाचं तिकीट आणि तिकडच्या घराचं डिपॉझिट यात धरलेलंच नाही.

अर्जाच्या दिवशी जो तक्ता चालू असेल तो लागू होतो, आणि हे दर बहुधा एप्रिलमध्ये बदलतात. माझ्या हिशेबावर दहा टक्के जास्त धरून चाला आणि शेवटची बेरीज सरकारी साइटवरच्या कॅल्क्युलेटरवर करून घ्या.

या दुसऱ्या खिशातला खर्च कंपनीने उचलायला कायद्याची काही आडकाठी नाही, आणि पुष्कळ कंपन्या उचलतातही. पण न मागता क्वचितच. पगाराची बोलणी चालू असतानाच विचारा: फी कोण भरणार, सरचार्ज कोण भरणार, बायको-मुलांचा कोण भरणार? 'व्हिसाचा खर्च कंपनी करेल' या वाक्यात कुटुंब बसतंच असं नाही. मी स्वतः इथे फसलो. ऑफरमध्ये 'व्हिसा सपोर्ट' असा शब्द होता. त्याचा अर्थ वकिलाची फी एवढाच निघाला, बाकी सगळं माझ्या अंगावर आलं. आणखी एक: कंपनीने भरलेले पैसे तुम्ही लवकर नोकरी सोडल्यास परत मागण्याचं कलम करारात असतं. फी आणि सरचार्जपुरतं ते असू शकतं. किती महिने आणि किती टक्के, ते सही करण्याआधी वाचा.

डॉक्टर, नर्स आणि काही आरोग्यसेवकांसाठी हेल्थ अँड केअर व्हिसा आहे. त्याची फी बरीच कमी, वरच्याच तक्त्यात तीन वर्षांपर्यंत ३०४ पौंड, आणि सरचार्ज पूर्ण माफ. नर्सिंगवाल्या मुलींनी स्किल्ड वर्करचे आकडे पाहून घाबरू नये.

तिसरा खिसा एजंटचा. तो रिकामाच राहू द्या. फॉर्म भरायला मदत हवी असेल तर ठरलेली फी घेणारा सल्लागार घ्या, पण नोकरी 'विकत' घेऊ नका.

कागदांना मुदत असते

नवखी मंडळी इथे चुकतात. सगळे कागद एका दमात गोळा करतात आणि मग एकाची मुदत संपलेली निघते. माझ्या मते क्रम असा लावावा: इंग्रजी आणि घरचे दाखले सगळ्यांत आधी, टीबीची तपासणी ऑफर पक्की झाली की लगेच, बँकेतले पैसे सीओएस येण्याच्या महिनाभर आधी जागेवर, आणि सीओएस हातात आलं की त्याच आठवड्यात अर्ज. सीओएस हा छापील दाखला नसतो. ती एक इलेक्ट्रॉनिक नोंद असते, तुम्हाला फक्त तिचा क्रमांक मिळतो. तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज झाला पाहिजे, आणि अर्ज नोकरीच्या पहिल्या दिवसाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो.

इंग्रजी. ८ जानेवारी २०२६ पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना बी २ पातळी लागते, आधी बी १ चालायची. दोन वाटा आहेत. एक परीक्षा. आयेल्ट्स द्यायची तर 'आयेल्ट्स फॉर यूकेव्हीआय'च (यूकेव्हीआय म्हणजे ब्रिटिश सरकारचं व्हिसा खातं), आणि चारही भागांत किमान ५.५. साधी आयेल्ट्स दिसायला अगदी तशीच असते, पण इथे तिचा उपयोग शून्य. दुसरी वाट पदवीची. तुमची पदवी इंग्रजी माध्यमातली असेल तर एक्टिस या संस्थेकडून तसा दाखला घेता येतो. त्यासाठी कॉलेज किंवा विद्यापीठाचं माध्यमाचं पत्र आधीच काढून ठेवा. हे पत्र म्हणजे आपल्याकडचा खरा अडथळा. माझ्या विद्यापीठात खिडकी क्रमांक चारवरून सातवर, सातवरून 'साहेब रजेवर आहेत'वर, असे तीन सोमवार गेले. शेवटी पत्र मिळालं त्यात माझं आडनाव चुकलेलं. वेळ कमी असेल आणि इंग्रजी बरं असेल तर सरळ परीक्षा द्या.

टीबी. सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाला क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो, बायको-मुलांनाही. होम ऑफिसने, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याने, मान्य केलेल्या केंद्रातलाच चालतो. त्यांची यादी सरकारी साइटवर आहे आणि त्यात मुंबईची केंद्रं आहेत. घरच्या डॉक्टरांचा एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी बाद. दाखला सहा महिने चालतो. एक्स-रेत काही शंका आली तर थुंकी तपासतात आणि त्या कल्चरला आठ आठवडे लागू शकतात. ज्याला पूर्वी कधी टीबी होऊन गेलाय त्याने तर अजिबात रेंगाळू नये, छातीवरची जुनी खूण एक्स-रेत दिसतेच.

बँक. तुमच्या खात्यात १,२७० पौंडांइतकी रक्कम सलग २८ दिवस पाहिजे, आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. बायकोसाठी आणखी २८५, पहिल्या मुलासाठी ३१५, पुढच्या प्रत्येकासाठी २००. चौघांचे मिळून २,०७०. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तर मोजणी पहिल्यापासून सुरू. वडिलांच्या खात्यातली रक्कम चालत नाही. सोनं, शेअर, म्युच्युअल फंडही नाही. आणि गावच्या पतपेढीतल्या ठेवीवर विसंबू नका. बँक वित्तीय नियामकाच्या देखरेखीखालची असावी आणि तिच्या नोंदी इलेक्ट्रॉनिक असाव्यात अशी अट आहे. आपल्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, सहकार खात्याखाली येतात. महिनाभर आधी ते पैसे साध्या बचत खात्यात आणून ठेवा. ए रेटिंगची कंपनी सीओएसमध्येच 'आम्ही सांभाळू' अशी हमी देऊ शकते, तशी दिली तर ही सगळी कटकट वाचते. कंपनीला त्यात फारसं काही घालवावं लागत नाही, तेव्हा जरूर मागा.

घरचे दाखले. कुटुंब बरोबर येणार असेल तर लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीचा दाखला नुसता मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. मुलाच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा तर नाही ना, ते पाहा. जन्माची नोंद दवाखान्यातून झाली आणि बारशानंतर नाव घालायला कोणी गेलंच नाही, असे दाखले घरोघरी निघतात. आणि आपलं नेहमीचं दुखणं: लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मुलाच्या दाखल्यावर आईचं नाव तिसरंच. पासपोर्टवर जे नाव आहे त्याच्याशी बाकीचे कागद जुळवा, किंवा नावातला फरक सांगणारं गॅझेट सोबत ठेवा.

आरोग्य, शिक्षण आणि समाजसेवेच्या कामांना पोलिसांचा दाखलाही लागतो. तो पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. इतरांना बहुधा लागत नाही.

फॉर्म, पैसे, बोटांचे ठसे

फॉर्म ऑनलाइनच, गव्ह डॉट यूकेवर. लांबलचक आहे पण अवघड नाही. मागच्या परदेश प्रवासाच्या तारखा विचारतात, जुने पासपोर्ट जवळ घेऊन बसा. पूर्वी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तसं सरळ लिहा. नकार लपवलेला सापडला तर ते प्रकरण नकारापेक्षा जड जातं.

मग पैसे. आधी सरचार्ज, मग फी. होम ऑफिस स्वतःचा विनिमय दर लावतं आणि तो बाजारापेक्षा चढाच असतो. त्यावर आपल्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का आणि एका व्यवहाराची मर्यादा किती आहे, हे आदल्या दिवशीच पाहा. मी ते पाहिलं नव्हतं. रात्री साडेबाराला सरचार्ज भरायला बसलो, कार्ड तीनदा नाकारलं गेलं आणि चौथ्यांदा बँकेने संशयावरून ते बंदच केलं. हेल्पलाइनवरच्या मुलीने विचारलं, "सर, हा व्यवहार खरंच तुम्हीच करताय का?" आकडा ऐकून मलाही क्षणभर तोच प्रश्न पडला.

पैसे भरल्यावर व्हीएफएस ग्लोबल या व्हिसा अर्ज हाताळणाऱ्या कंपनीच्या केंद्रात ठसे आणि फोटो द्यायला जायचं. केंद्रं मुंबईत आहेत, पुण्यातही आहे. अपॉइंटमेंट घेताना पानोपानी जादा सेवा दिसतील: आलिशान बैठक, एसएमएस, कुरिअर, कागद स्कॅन करून देणं. यातलं काहीच सक्तीचं नाही. कागद घरीच स्कॅन करून चढवले तर तेवढे पैसे वाचतात. निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. घाई असेल तर माणशी ५०० पौंडांत पाच कामाच्या दिवसांत आणि १,००० पौंडांत दुसऱ्या कामाच्या दिवशी, अशी सोय काही केंद्रांत असते. नोकरीची तारीख अगदी तोंडावर नसेल तर माझ्या मते हे पैसे व्यर्थ.

अर्ज नाकारला गेला तर सरचार्ज परत मिळतो, फी बुडते.

व्हिसा आल्यावर

पूर्वीचं प्लास्टिकचं बीआरपी कार्ड, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं कार्ड, आता इतिहासजमा झालं. आता ईव्हिसा असतो, म्हणजे यूकेव्हीआयच्या खात्यात तुमच्या पासपोर्टला जोडलेली नोंद. विमानात बसण्याआधी त्या खात्यात शिरून नाव, जन्मतारीख आणि मुदत तपासा, चूक असेल तर इथूनच दुरुस्तीचा अर्ज करा. मधल्या काळात पासपोर्ट नवा केला असेल तर त्याचा नंबर खात्यात बदलायला विसरू नका. त्याच खात्यातून शेअर कोड, म्हणजे तुमचा व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन तपासू देणारा क्रमांक, काढता येतो. कामाच्या पहिल्या दिवसाआधी कंपनीला तो लागतो, घरमालकालाही लागतो.

नोकरी गेली तर सहसा ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवा स्पॉन्सर शोधायचा, दुसरा व्हिसा घ्यायचा किंवा परतायचं. कायम वास्तव्य आजवर पाच वर्षांनी मागता यायचं. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ती मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. 'पाच वर्षांत पासपोर्ट' असं गणित मांडून घरावर कर्ज काढू नका.

आणि पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, सगळ्या कुटुंबाची नावं नोंदवा. ताप येण्याची वाट पाहू नका. इंग्लंडमध्ये त्या नोंदणीला पत्त्याचा पुरावासुद्धा सक्तीचा नाही आणि पैसेही पडत नाहीत. पैसे तुम्ही कधीच भरून बसला आहात.